दोन थॅलॅमसमधला जोड: रचनेतील वैविध्य आणि ऊतकरचना याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंतरथॅलॅमिक जोड म्हणजे नेमके काय, आणि तो मेंदूत कोठे असतो?

मेंदूच्या गाभ्यात, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, अंड्याच्या आकाराचे करड्या द्रव्याचे दोन मोठे पुंज असतात. त्यांना थॅलॅमस म्हणतात. या दोन पुंजांच्या मधोमध तिसरे मस्तिष्कविवर नावाची उभी, अरुंद फट असते आणि तिच्यात मस्तिष्कमेरुद्रव, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा पाण्यासारखा द्रव, भरलेला असतो. बहुतेक माणसांत ही फट संपूर्ण मोकळी नसते. एका थॅलॅमसच्या आतल्या भिंतीपासून दुसऱ्याच्या आतल्या भिंतीपर्यंत करड्या द्रव्याचा एक आखूड पूल आडवा गेलेला असतो आणि द्रव त्याच्या वरून, खालून, पुढून व मागून वाहत राहतो. हा पूल म्हणजेच आंतरथॅलॅमिक जोड.

त्याचे ठिकाण सांगायचे तर मन्रोच्या छिद्राच्या (बाजूच्या विवरातून तिसऱ्या विवरात उघडणाऱ्या वाटेच्या) किंचित मागे, विवराच्या पुढच्या आणि वरच्या भागात तो सहसा आढळतो. थॅलॅमस आणि त्याखालचा हायपोथॅलॅमस यांच्यामध्ये विवराच्या भिंतीवर एक उथळ खाच असते. जोड नेहमी त्या खाचेच्या वर, म्हणजे थॅलॅमसच्या हद्दीत असतो.

या एकाच भागाला इतकी वेगवेगळी नावे का आहेत?

जुन्या ग्रंथांत त्याला मासा इंटरमिडिया, म्हणजे मधला गोळा, म्हटलेले आढळते. काही ठिकाणी करडा कमिशर किंवा मऊ कमिशर अशीही नावे येतात; कमिशर म्हणजे मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारा तंतूंचा जुडगा. शरीररचनाशास्त्राच्या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत अधेसिओ इंटरथॅलॅमिका हे नाव आहे. शस्त्रक्रिया आणि रेडिओलॉजी या दोन्ही क्षेत्रांत मात्र मासा इंटरमिडिया हेच नाव आजही अधिक बोलले जाते, त्यामुळे अहवालात यांपैकी कोणतेही नाव दिसले तरी भाग एकच समजावा.

नावांविषयी एक खुलासा आवर्जून करावासा वाटतो. आपल्याकडे पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटतात, त्या दुखण्याला रुग्ण आणि नातेवाईक ‘ॲढीजन’ या नावाने ओळखतात. त्यामुळे मेंदूच्या अहवालात ‘इंटरथॅलॅमिक ॲढीजन’ असा तोच शब्द वाचून अनेकांच्या मनात धास्ती निर्माण होते. येथे कोणतीही जखम भरताना तयार झालेला व्रण नाही, कोणताही जंतुसंसर्ग होऊन गेलेला नाही. हा जन्माआधीच तयार झालेला, जिवंत चेतापेशी असलेला निरोगी भाग आहे. याच कारणाने या लेखनात ‘चिकट’ किंवा ‘आसंजन’ असे शब्द टाळून ‘जोड’ हा साधा शब्द वापरला आहे.

हा जोड प्रत्येक माणसात असतो का?

नसतो, आणि हेच त्याचे सर्वांत लक्षवेधी वैशिष्ट्य आहे. मेंदूच्या मध्यरेषेवरील इतर रचना, उदाहरणार्थ कॉर्पस कॅलोसम (मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा तंतूंचा मोठा पट्टा), पुढचा कमिशर किंवा पिनियल ग्रंथी, निरोगी माणसात असणारच असे आपण गृहीत धरतो. त्यांपैकी एखादी जन्मतः नसेल तर तो विकासातील दोष मानला जातो. आंतरथॅलॅमिक जोडाचे तसे नाही. शवविच्छेदनावर आधारलेल्या बहुतेक अभ्यासांत तो साधारण ७० ते ८० टक्के मेंदूंत सापडला आहे. याचा अर्थ असा, की दर तीन ते पाच निरोगी माणसांमागे एकात तो नसू शकतो आणि त्या माणसाला ते आयुष्यभर कळतही नाही. बारीक कापांच्या एमआरआयवर आधारलेल्या अलीकडच्या अभ्यासांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे, काहींत ९० च्या आसपासही गेलेले दिसते.

मग अभ्यासाअभ्यासांत आकडे इतके का बदलतात?

याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल, कारण या विषयातील बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो.

पहिली अडचण शवविच्छेदनाची. हा जोड अतिशय मऊ असतो. मृत्यूनंतर मेंदू कवटीतून बाहेर काढताना, तो फॉर्मालिनमध्ये घट्ट होण्याआधी हाताळताना किंवा नंतर मध्यरेषेतून कापताना तो सहज तुटतो. तुटलेल्या जोडाची खूण भिंतीवर खरबरीत ठिपक्यासारखी उरते, परंतु ती पाहण्याची सवय नसेल तर निरीक्षक ‘जोड नाही’ अशी नोंद करून मोकळा होतो. जुन्या अभ्यासांतील कमी आकड्यांमागे हे एक कारण निश्चितच असावे, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण चित्रणाची, आणि ती दोन्ही दिशांनी चुकवते. वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मस्तिष्कविवरात हवा भरून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत आणली, त्यानंतर जिवंत माणसात हा जोड हवेच्या पार्श्वभूमीवर फिकट गोलासारखा पाहता येऊ लागला; तरीही लहान जोड त्या चित्रांत हरवून जात असे. एमआरआयने चित्र स्वच्छ झाले, पण कापाच्या जाडीचा प्रश्न आला. काप पाच मिलिमीटर जाडीचे असतील आणि जोडच तीन-चार मिलिमीटरचा असेल, तर एकाच कापात जोड आणि भोवतालचा द्रव यांचे संकेत मिसळतात व जोड पुसट होऊन दिसेनासा होतो. याउलट तरुण माणसात तिसरे विवर इतके अरुंद असते की दोन्ही थॅलॅमसच्या भिंती नुसत्या एकमेकींना टेकलेल्या असतात, आणि जाड कापावर ते टेकणे जोडल्यासारखे भासते. म्हणून एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक काप घेऊन, मध्यरेषेतला उभा छेद, कानापासून कानापर्यंतचा उभा छेद आणि आडवा छेद अशा तिन्ही दिशांनी जोड दिसतो का, हे पाहणाऱ्या अभ्यासांवर अधिक विश्वास ठेवावा. किती सलग कापांत दिसला म्हणजे ‘आहे’ म्हणायचे, हा निकषही प्रत्येक संशोधकगट आपापल्या परीने ठरवतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अभ्यासलेली माणसे कोण होती. वयस्कर रुग्णांचे मेंदू आणि निरोगी तरुणांचे मेंदू यांची तुलना करताना वयाचा परिणाम वेगळा काढला नाही, तर निष्कर्ष भरकटतो.

त्याचा आकार किती असतो? दोन जोड असू शकतात का?

मध्यरेषेतून उभा छेद घेतला असता तो लंबगोल दिसतो. त्याची लांबी साधारणतः काही मिलिमीटर असते. क्वचित ती सेंटिमीटरच्या जवळ जाते, तर कधी तो दोऱ्याइतका बारीक असतो. काही मेंदूंत तो रुंद व आखूड असतो, काहींत मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना पसरट. दोन वेगळे जोड असलेले मेंदूही नोंदवले गेले आहेत, परंतु ते विरळ आहेत.

स्त्रिया आणि पुरुष यांच्यात फरक असतो, हे खरे आहे का?

बऱ्याच अभ्यासांत तसा कल दिसला आहे. सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास लॉरा ॲलन आणि रॉजर गोर्स्की यांचा, १९९१ मधला. त्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंपैकी स्त्रियांच्या ७८ टक्के आणि पुरुषांच्या ६८ टक्के मेंदूंत हा जोड आढळला, आणि ज्यांच्यात तो होता त्यांच्यात स्त्रियांच्या जोडाचे मध्यरेषेवरील क्षेत्रफळ सरासरीने सुमारे ५३ टक्के अधिक भरले. नंतरच्या अनेक एमआरआय अभ्यासांतही स्त्रियांमध्ये तो अधिक वेळा किंवा अधिक मोठा आढळला.

मात्र या आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. ७८ आणि ६८ या दोन आकड्यांतच दिसते, की दोन्ही गटांत बहुसंख्यांकडे तो आहे आणि दोन्ही गटांत बऱ्याच जणांकडे तो नाही. एखाद्या मेंदूत जोड आहे किंवा नाही यावरून तो मेंदू स्त्रीचा की पुरुषाचा हे सांगता येत नाही. ‘स्त्रियांच्या मेंदूचे दोन्ही अर्धे भाग अधिक जोडलेले असतात’ यासारखी विधाने या अभ्यासाच्या आधारे केली जातात, ती या पुराव्याच्या फार पलीकडे जातात.

जोडाच्या आत कोणत्या प्रकारची ऊती असते?

मुख्यतः करडे द्रव्य. म्हणजे चेतापेशींची शरीरे, त्यांच्या शाखांचे दाट जाळे, त्यांना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या. बाहेरून त्यावर एपेंडिमा या पातळ पेशीथराचे आवरण असते. तिसऱ्या विवराच्या भिंतींना जे अस्तर असते तेच येथे जोडावरून वळून पलीकडच्या भिंतीवर जाते. नळीच्या भिंतीचे अस्तर नळीतून आडव्या गेलेल्या दांडीवरही चढवलेले असावे, तशी ही रचना समजता येईल.

आतल्या चेतापेशी सर्व एका साच्याच्या नसतात. बेलग्रेड येथील शरीररचनाशास्त्रज्ञांनी गॉल्जी रंजन (पेशी रंगवून पाहण्याची पद्धत) वापरून मानवी जोडाचे परीक्षण केले. या पद्धतीत चांदीच्या क्षारांमुळे मोजक्याच चेतापेशी त्यांच्या सर्व शाखांसह काळ्या रंगतात आणि प्रत्येकीचा आकार स्वतंत्रपणे पाहता येतो. त्या परीक्षणात दोन्ही टोकांना निमुळत्या होत जाणाऱ्या तर्कूसारख्या पेशींबरोबरच अनेक शाखा फुटलेल्या पेशीही दिसल्या. पुढे याच शहरातील संशोधकांनी जोडात आणि विवरालगतच्या थॅलॅमसच्या पट्ट्यात चेतापेशींची वर्तुळाकार मांडणी वर्णन केली. ही निरीक्षणे महत्त्वाची आहेत, कारण जोड हा केवळ दोन भिंती चिकटल्याने झालेला निष्क्रिय पडदा असता, तर त्यात अशी सुव्यवस्थित पेशीरचना सापडण्याचे कारण नव्हते.

थॅलॅमसच्या आत अनेक चेताकेंद्रे असतात, आणि त्यांपैकी मध्यरेषेलगतच्या गटाचा जोडाशी संबंध येतो. प्राण्यांमध्ये या गटातील रियुनिएन्स आणि ऱ्हॉम्बॉइड ही केंद्रे मध्यरेषेवर ठळकपणे पसरलेली असतात. रियुनिएन्स केंद्र हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी संबंधित भाग) आणि कपाळामागील मेंदूभाग यांच्यातील दळणवळणात भाग घेते, हे उंदरांवरील प्रयोगांतून चांगले प्रस्थापित झाले आहे. मानवी मेंदूत ही केंद्रे लहान असतात आणि जोड नसला तरी ती विवराच्या दोन्ही भिंतींत आपापल्या जागी असतातच. जोड नसणे म्हणजे ती केंद्रे नसणे, असा समज करून घेऊ नये.

मग याला खरा कमिशर म्हणावे की नाही?

कमिशर म्हणजे मध्यरेषा ओलांडून एका बाजूच्या भागाला दुसऱ्या बाजूच्या भागाशी जोडणारा चेतातंतूंचा जुडगा. कॉर्पस कॅलोसममध्ये असे सुमारे २० कोटी तंतू असल्याचे सांगितले जाते, आणि तंतूंवरील मायलिन या स्निग्ध आवरणामुळे तो पांढरा दिसतो. त्या मापाने पाहिले तर आंतरथॅलॅमिक जोड कमिशर नव्हे. बराच काळ पाठ्यपुस्तकांतून असेच शिकवले गेले, की मानवात हा जोड केवळ करड्या द्रव्याचा असून त्यातून तंतू ओलांडून जात नाहीत.

आता हे विधान इतक्या ठामपणे करता येत नाही. रंजन केलेल्या कापांत मध्यरेषा ओलांडणारे तंतू दिसल्याच्या नोंदी आहेत. पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून तंतूंचा मार्ग अनुमानाने आखणाऱ्या एमआरआय तंत्रानेही जोडातून जाणारे मार्ग दाखवले असून, त्यांचा संबंध ॲमिग्डला, हिप्पोकॅम्पस आणि इन्सुला यांसारख्या भागांशी जुळतो असे मांडले गेले आहे. परंतु हे तंत्र प्रत्यक्ष तंतू पाहत नाही. सर्व बाजूंनी द्रवाने वेढलेल्या, काही मिलिमीटरच्या भागात त्याच्या चुका वाढतात, म्हणून त्याचे निष्कर्ष सूक्ष्मदर्शकाखालच्या पुराव्याशी ताडून पाहावे लागतात. माझ्या मते सध्या एवढेच म्हणणे योग्य आहे, की हा प्रामुख्याने करड्या द्रव्याचा पूल आहे, त्यातून काही तंतू ओलांडतात, आणि प्रत्येक व्यक्तीत त्यांचे प्रमाण सारखे नसते.

गर्भावस्थेत तो केव्हा आणि कसा तयार होतो?

सुरुवातीला दोन्ही थॅलॅमस स्वतंत्र वाढतात आणि त्यांच्यामधले विवर तुलनेने रुंद असते. थॅलॅमस फुगत जातात तसतशा भिंती जवळ येतात, आणि साधारणतः गर्भाच्या १३ व्या ते १४ व्या आठवड्याच्या सुमारास त्या मध्यरेषेवर भेटतात. जेथे त्या टेकतात तेथील एपेंडिमाचे अस्तर नाहीसे होऊन दोन्ही बाजूंच्या ऊती एकसंध होतात, असे मानले जाते. पूल नंतर जुळलेला असल्याने तो कोठे जुळावा, किती जुळावा आणि जुळावा की नाही, यांत एवढी मोकळीक कशी राहते हेही यावरून समजते.

इतर प्राण्यांतही असेच वैविध्य असते का?

नाही. उंदीर, मांजर, कुत्रा यांच्यात दोन्ही थॅलॅमस मध्यरेषेवर फार मोठ्या क्षेत्रावर एकसंध असतात, इतके की तिसरे विवर फटीऐवजी त्या जोडाभोवती फिरणाऱ्या कड्यासारखे दिसते. तेथे ‘जोड आहे का’ हा प्रश्नच उद्भवत नाही. मानवात तो लहान होत गेला आणि कित्येकांत नाहीसाही झाला.

जोड नसल्यास स्मृती, बुद्धी किंवा वागणूक यांवर परिणाम होतो का?

केवळ जोड नसल्यामुळे कोणतेही लक्षण निर्माण होते, असा पुरावा नाही. या दिशेने प्रयत्न मात्र झाले आहेत. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जोड नसलेल्या पुरुषांना अशाब्दिक बुद्धिचाचणीत अधिक गुण मिळाल्याचे नोंदवले होते. तो अभ्यास मेंदूविकारांसाठी तपासणी झालेल्या रुग्णांवर होता, त्यामुळे निरोगी लोकांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. अलीकडे अवधान आणि भावनिक प्रतिसाद यांच्याशी जोडाच्या आकाराचा संबंध तपासला गेला आहे. संख्याशास्त्रीय संबंध काही ठिकाणी आढळले, पण ते गटांच्या सरासरीत दिसणारे सौम्य कल आहेत. एका व्यक्तीच्या बुद्धीविषयी किंवा स्वभावाविषयी त्यातून काहीही ठरत नाही.

स्किझोफ्रेनियाशी याचा संबंध असल्याचे वाचनात येते. ते कितपत खरे?

स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्तींच्या गटांत जोड नसण्याचे प्रमाण निरोगी गटांपेक्षा काहीसे अधिक आढळले आहे, आणि अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांतही हा फरक टिकला. त्याच वेळी काही स्वतंत्र अभ्यासांत तो दिसलाही नाही. हा फरक खरा मानला तरी त्याचा अर्थ इतकाच निघतो, की गर्भावस्थेतील मेंदूच्या विकासात सूक्ष्म फरक झालेल्यांचे प्रमाण त्या गटात थोडे जास्त असू शकते. आजाराचे निदान जोडावरून होत नाही. ज्यांच्यात जोड नाही अशा माणसांपैकी फार मोठ्या बहुसंख्येला हा आजार कधीही होत नाही, आणि ज्यांना आजार आहे त्यांच्यापैकी अनेकांत जोड व्यवस्थित असतो. घरातील एखाद्या तरुण मुलाच्या अहवालात ‘मासा इंटरमिडिया दिसत नाही’ असे वाचून पालकांनी त्याला स्किझोफ्रेनिया आहे असा निष्कर्ष काढावा, यासारखा अन्याय दुसरा नाही, आणि म्हणून हे येथे इतक्या स्पष्टपणे लिहिले आहे.

जोड नेहमीपेक्षा मोठा असल्यास काळजीचे कारण असते का?

एकटा मोठा जोड हे काळजीचे कारण नव्हे. परंतु तो इतर खुणांच्या जोडीने दिसला तर त्याला निदानात महत्त्व येते. दुसऱ्या प्रकारच्या कियारी विकृतीत मोठा जोड हे परिचित चिन्ह आहे. ही विकृती पाठीच्या कण्याच्या जन्मजात उघड्या दोषाबरोबर येते आणि तीत लहान मेंदूचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून खाली सरकलेला असतो. अशा बाळाच्या चित्रात तिसऱ्या विवराच्या मोठ्या भागात जोड पसरलेला दिसतो.

होलोप्रोसेनसेफली या गंभीर विकृतीत पुढचा मेंदू दोन भागांत नीट विभागलाच जात नाही आणि दोन्ही थॅलॅमस एकत्र राहू शकतात. दिसायला साम्य असले तरी ही गोष्ट अगदी वेगळी आहे. जोडात आधी वेगळ्या असलेल्या भिंती नंतर भेटतात, तर येथे विभागणीच अपुरी राहते.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत या जोडाचा विचार करावा लागतो का?

तिसऱ्या विवरात दुर्बीण घालून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांत करावा लागतो. डोक्यात पाणी साचण्याच्या विकारात विवराच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला नवी वाट दिली जाते. दुर्बीण मन्रोच्या छिद्रातून विवरात उतरते आणि छिद्र पुढच्या बाजूला तळाशी पाडले जाते, म्हणून बहुतेक वेळा जोड आड येत नाही. पण त्याच वेळी विवराच्या मागच्या टोकाला असलेल्या पिनियल भागातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी घ्यायचा असेल, तर मोठा किंवा पुढे असलेला जोड ताठ दुर्बिणीची वाट अडवतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआयवर त्याचे माप व स्थान पाहून ठेवले जाते.

वयानुसार त्यात बदल होतो का?

होतो. वय वाढते तसे मेंदूचे आकारमान किंचित घटते आणि तिसरे विवर रुंदावते, त्याबरोबर जोड ताणला जाऊन बारीक होऊ शकतो. डोक्यात पाणी साचल्यानेही असाच ताण पडतो.

शवविच्छेदनाच्या वर्गात हा जोड नमुन्यावर कसा ओळखावा?

मध्यरेषेतून दोन भाग केलेला मेंदू हातात घेऊन आधी कॉर्पस कॅलोसमचा पांढरा कमानदार छेद शोधावा, त्याखाली फॉर्निक्स या तंतूंच्या जुडग्याची वळलेली पट्टी पुढे उतरताना दिसेल. ती जेथे उतरते तेथे तिच्या मागे मन्रोचे छिद्र असते. तेथून काही मिलिमीटर मागे थॅलॅमसच्या गुळगुळीत भिंतीवर लहान, लंबगोल, किंचित खरबरीत करडा डाग दिसला, तर तो कापलेला जोड होय. भोवतालची भिंत एपेंडिमामुळे चकाकते आणि हा डाग चकाकत नाही. बोटाने न चाचपता, प्रकाश तिरपा धरून हा फरक पाहावा. भिंत सर्वत्र सारखीच चकाकत असेल आणि समोरच्या अर्ध्या भागावरही डाग नसेल, तरच त्या मेंदूत जोड नव्हता असे नोंदवावे. हे मेंदू देहदान केलेल्या माणसांचे असतात, आणि दोन्ही अर्धे भाग एकत्र ठेवून तपासल्याशिवाय ‘नाही’ असे लिहू नये, एवढा काटेकोरपणा त्यांच्याप्रति आपले कर्तव्य आहे.